लोहवाल्या बाजरीतलं लोह जमिनीतून येतं की बियाण्यातून? घरचं बी ठेवलं तर पुढच्या वर्षी तेवढंच लोह राहील का?

भाऊ, लोह येतं जमिनीतूनच, पण किती ओढायचं आणि त्यातलं किती दाण्यापर्यंत न्यायचं हे बियाणं ठरवतं. आपल्या धुळे-जळगावकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं, फक्त सामू (पीएच) आठच्या वर असला की ते विरघळत नाही. बाजरी, ज्वारी, मका, गहू यांची मुळं एक पदार्थ बाहेर सोडतात, तो लोहाला धरतो आणि मूळ ती जोडी तशीच आत घेतं. हे काम कोणत्या वाणात जोरात चालतं, कोणत्यात मंद. आणि आत आलेलं लोह पानातच अडकतं की दाण्यात उतरतं, हे ठरवणारे जीन (जनुकं) आणखी वेगळे. गव्हाचं बघा, रानगव्हातला जीपीसी-बी1 नावाचा जीन 2006 मध्ये नेमका हाती लागला, तो पानं लवकर पिकवतो आणि पानातलं नत्र, लोह, जस्त दाण्यात पाठवतो. आपण पेरतो त्या बहुतेक गव्हात हाच जीन बंद पडलेला आहे!

बाजरीत मात्र असा एकच हुकमी जीन नाही, बरेच जीन मिळून थोडी थोडी भर घालतात. म्हणून उत्पन्नात संकराला, म्हणजे हायब्रीडला, जसा जोम येतो तसा लोहात येत नाही, हायब्रीडचं लोह साधारण आई आणि बाप यांच्या मधेच कुठेतरी बसतं, त्यामुळे आई आणि बाप दोन्ही वाण जास्त लोहाचे असावे लागतात. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे.

आता धनशक्ती या लोहवाल्या बाजरीच्या वाणाचं. ती इक्रिसॅट (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) आणि राहुरी कृषी विद्यापीठाने मिळून काढली, महाराष्ट्रात 2012 ला आली, किलोला साधारण 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 जस्त. तिचं मूळ आफ्रिकेतल्या टोगोच्या गावरान बाजरीत. त्यातून काढलेला आयसीटीपी 8203 हा जुना वाण आधीपासून पेरत होतेच, त्याच वाणातली लोह जास्त असलेली झाडं निवडत निवडत धनशक्ती झाली, बाहेरचा जीन घातलेला नाही. तुलनेसाठी सांगतो, 2018 पासून देशात नवीन बाजरी वाणाला निदान 42 मिलिग्रॅम लोह असावं असा नियम केलाय. आणि आपल्या धुळ्याचीच फुले महाशक्ती आहे, तिच्यात 87 सांगतात.

आता बियाण्याचं. महाशक्ती हायब्रीड आहे, तिचं घरचं बी पेरू नका, पुढच्या पिढीत आई-बापाचे जीन प्रत्येक झाडात वेगवेगळे वाटले जातात, एक झाड उंच एक बुटकं, लोहही कमी-जास्त आणि उत्पन्न तर पडतंच. धनशक्ती सरळ वाण आहे, तिचं बी ठेवता येतं. अडचण एकच, बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि पराग नंतर, म्हणजे शेजारच्या वावरातला पराग आधी येऊन बसतो. शेजाऱ्याने कमी लोहाचं हायब्रीड लावलं असेल तर तुमच्या बियाण्यात ते मिसळणारच आणि दरवर्षी थोडं थोडं लोह खाली येणार. म्हणून दुसऱ्या बाजरीपासून निदान 200 मीटर लांबचा तुकडा धरा, बांधाकडची कणसं सोडून मधली घ्या, आणि पाचपन्नास नाही, भरपूर झाडांची घ्या, नाहीतर वाण आतल्या आत कमजोर होतो. दोन-तीन वर्षांनी बियाणं नवीन आणलेलं बरं.

जमिनीत जस्त कमी निघालं तर झिंक सल्फेट द्या, दाण्यातलं जस्त त्याने वाढतं. लोहाचं तसं नाही, काळ्या जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तरी तो लवकरच अडकून बसतो, म्हणून लोहासाठी वाणावरच भर द्यायचा.

आणि दाणे तपासायला पाठवणार असाल तर खळ्यातले पाठवू नका प्लीज, मातीची धूळ दाण्याला चिकटली की तिच्यातलं लोह पण मोजलं जातं आणि आकडा उगाच मोठा येतो. कणसं झाडावरूनच स्वच्छ हाताने तोडा, कापडावर चोळा आणि कागदाच्या पिशवीत भरा.