अहो, पण कोळीच का?

"आमच्या ह्यांना कसलंही व्यसन नाही हो. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. पण कोळी आहेत."

ठाण्याहून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या त्या बाई एवढं बोलून स्वतःच हसल्या आणि पाठोपाठ त्यांचे डोळे भरून आले. यजमान बावन्न वर्षांचे, विमा कंपनीत नोकरीला. चारेक वर्षांपासून उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं वेड. दर रविवारी पहाटे येऊरच्या जंगलात. घरात एक सेकंडहँड मॅक्रो लेन्स आलेली. दिवाळीच्या साफसफाईत बाल्कनीच्या एका कोपऱ्याला झाडू लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. भाचीच्या लग्नात मुहूर्ताची वेळ झाली तरी हे मांडवाच्या झालरीपाशी मान वर करून उभे. नातेवाईक मागून 'स्पायडरमॅन' म्हणतात ते वेगळंच. "मॅडम, डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला? झाडं लावा, गाणं शिका, मी कुठं नाही म्हणते? पण कोळीच का?"

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला दोघांचीही संमती आहे.)

हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात. कोळ्यांच्या जागी कधी रेल्वेची इंजिनं असतात, कधी शिवराई नाणी, कधी मोडी कागद. छंद चारचौघांतला असेल तर घरचे कौतुक करतात, जगावेगळा निघाला की डॉक्टर शोधतात. मला त्या विषयाच्या विचित्रपणाशी काही देणंघेणं नसतं. मी विचारते ते साधंच. झोप कशी आहे? ऑफिसला दांड्या होतात का? पैसे लपवून खर्च होतात का? एखादा रविवार चुकला तर घरात आदळआपट होते का? आणि परत येतात तेव्हा चेहरा कसा असतो?

"चेहरा? शाळेच्या सहलीहून आलेल्या पोरासारखा. पोहे खाता खाता अर्धा तास सांगत बसतात. मी ऐकत नाही, ती गोष्ट निराळी."

बाकीची उत्तरंही अशीच निर्धास्त करणारी होती. एकच खटकलं. मागच्या वर्षी काही महिने ते रात्री दोन-दोनला उठून फोन बघायचे, चिडचिड करायचे. बाईंच्या मनात भीती शिरली ती तेव्हाच.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एक ध्यास माणसाच्या बाकीच्या आयुष्याशी जुळवून घेतो. तो माणसाच्या ताब्यात राहतो. दुसऱ्याच्या ताब्यात माणूस जातो. ती गोष्ट करताना सुख नाही आणि न करावी तर अपराधी वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, तास तेवढेच लागतात. म्हणून 'किती वेळ घालवतात' या प्रश्नाने फारसं काही कळत नाही.

पुढच्या वेळी यजमान आले. अवघडून, हाताची घडी घालून बसले. नेहमीची विचारपूस चालू असताना एकदम थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या खिडकीच्या गजावर मेनेमेरस आहे."

उठून पाहिलं. करडा, भाताच्या दाण्याएवढा कोळी. मी तो हजार वेळा पाहिला असेन आणि एकदाही बघितला नसेल. त्यांनी बोट जरा लांबून, हळूच आडवं फिरवलं. कोळी अख्खा वळला आणि बोटाकडे तोंड करून थांबला. आठ डोळे, त्यांतले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. "हा जाळं विणून भक्ष्याची वाट बघत नाही. मांजरासारखा दबकत जातो आणि झडप घालतो. उडी मारायच्या आधी रेशमाचा धागा मागे चिकटवून ठेवतो, पडलाच तर लोंबकळतो. आणि पाय झटक्यात सरळ होतात ते स्नायूंनी नाही, शरीरातल्या द्रवाच्या दाबानं." याच कुळातला एक कोळी आंब्यावर पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांचं सोंग घेतो. पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून हलवत मुंगीच्या चालीनं चालतो. याच कुळातल्या, ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला 2021 साली हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालं, हे सांगताना तर त्यांचा आवाज चढला. घडी घातलेले हात कधीच सुटले होते.

बाई लांबूनच बघत होत्या. मग दोन पावलं पुढे आल्या. "अगबाई, हा माझ्याकडे बघतोय की!"

"बघतोच तो," यजमान म्हणाले. "मी चार वर्षं तेच तर सांगतोय."

मागच्या वर्षीची गोष्ट मग त्यांनीच काढली. मुलीनं हौसेनं इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं. 'बाबा, एवढं येतंय तर रील्स करा, पैसेही मिळतील.' काही महिने केलंही. मग येऊरला गेल्यावर कोळी दिसला की आधी मनात यायचं, हा चालेल का? करडे, साधे कोळी ते ओलांडून पुढे जाऊ लागले. रात्री दोनला उठून बघायचे ते लाइक्सचे आकडे. शेवटी पान बंद केलं, पण मुलीला वाईट वाटेल म्हणून घरात कोणालाच सांगितलं नाही.

1973 साली अमेरिकेत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक देऊ' असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं पुढे आपणहून चित्रं काढण्यात कमी रमली. आपल्याकडे कुणाला काही चांगलं जमतंय असं दिसलं की आठव्या दिवशी 'क्लास काढ की', 'विकायला ठेव की' सुरू होतं. प्रेमानंच म्हणतात सगळे. पण निरुपयोगी असण्याची मोकळीक हाच त्या छंदातला निम्मा आनंद असतो, आणि पन्नाशीतल्या नोकरदार माणसाला ती दुसरीकडे कुठे मिळणार?

निदान करण्यासारखं तिथे काही नव्हतं. बाईंचं दुखणं मात्र खरं होतं आणि ते कोळ्यांचं नव्हतंच. मुलगी शिकायला पुण्याला गेलेली, रविवारची सकाळ रिकामी, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे रंगून बोलायला विषय आहे, आपल्याकडे नाही. हे बोलून होईपर्यंत दोन भेटी गेल्या. तडजोड अगदी घरगुती झाली: स्वयंपाकघरात आणि देवघरात कोळी दिसला की बाहेर, बाल्कनीचा कोपरा त्यांचा, एक रविवार येऊर, एक रविवार दोघांचा, लेन्स, टॉर्च काही घ्यायचं तर विचारून. मुलीला खरं काय ते त्यांनी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग आधी नाही का सांगायचं?"

पैसे लपवणं, नोकरीवर गंडांतर येणं, छंदातही आनंद न उरणं किंवा माणसांशी बोलणंच सोडून देणं, यांतलं काही दिसलं तर जरूर या, उशीर करू नका. केवळ विषय चमत्कारिक आहे म्हणून कोणाला धरून आणू नका.

बाईंनी शेवटच्या भेटीत विचारलं, "मग मीपण एखादा छंद लावून घेऊ का?" मी म्हटलं, वाटलं तर घ्या, नाहीतर राहू दे. त्यांनी जरा विचार केला. "मला नको काही. मला रविवारी दुपारी निवांत झोप हवी आहे, आणि उठल्यावर ह्यांच्या हातचा चहा."

यजमानांनी तो कबूल केला.