वाचकांचे प्रश्न : एकाच पिढीची डॉज रॅम, पण इंजिने दोन

प्रश्न : टेक्सासमध्ये वापरलेली डॉज रॅम २५०० डिझेल घ्यायची आहे. दोन गाड्या पाहिल्या, दोन्हींच्या कागदांवर साल १९९८. एक मालक इंजिन '१२ व्हॉल्व्ह' सांगतो, दुसरा '२४ व्हॉल्व्ह'. खरे कोण? आणि घ्यावी कोणती?

उत्तर : दोघेही खरे बोलत असतील. १९९४ ते २००२ या पिढीत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आहे, पण १९९८ च्या मध्यात ते बदलले. आधीचे १२ व्हॉल्व्ह, नंतरचे २४. त्यामुळे या सालापुरते कागद बाजूला ठेवा आणि बॉनेट उघडा. डोक्यावर सहा सुटी छोटी झाकणे असतील तर १२ व्हॉल्व्ह, एकच लांब झाकण असेल तर २४. दारावरच्या बिल्ल्यावर '२४ व्हॉल्व्ह' लिहिलेले असते, पण दारे बदललेल्या गाड्याही फिरतात.

व्हॉल्व्हच्या संख्येपेक्षा डिझेल पंपातला फरक महत्त्वाचा. १२ व्हॉल्व्हवर बॉशचा पी७१०० हा इनलाइन पंप आहे. सगळा यांत्रिक, वीज लागते ती फक्त इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडला (विजेच्या खटक्याला). २४ व्हॉल्व्हवर व्हीपी४४ हा रोटरी पंप, आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक्स त्याच्याच डोक्यावर बसवलेले. ताकद सालागणिक वाढत गेली. १९९४-९५ ला ऑटोमॅटिकमध्ये १६० आणि मॅन्युअलमध्ये १७५ एचपी, १९९६ पासून १८० आणि २१५, २४ व्हॉल्व्ह आल्यावर २१५ आणि २३५. २००१ पासून सहा गिअरच्या पेटीबरोबर २४५ एचपीचे 'हाय आउटपुट'ही मिळू लागले.

ऑटोमॅटिक घेत असाल तर गिअरपेटी १९९५ पर्यंत ४७आरएच आणि १९९६ पासून ४७आरई. दुसरीत गव्हर्नर प्रेशर (गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा तेलाचा दाब) इलेक्ट्रॉनिक आहे, त्याचा सोलेनॉइड किंवा सेन्सर गेला की गिअर चुकीच्या वेगाला पडतात. थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल मात्र दोन्हींत आहे, आणि ती ढिली असेल तर क्लच प्लेटा जळतात. ट्रायल घेण्याआधी ती बघा.

आमचे मत विचाराल तर जड ट्रेलर ओढायचा असेल आणि वर्कशॉप लांब असेल, तर १२ व्हॉल्व्ह. १९९८ च्या क्वाड कॅबमध्ये (चार दारांच्या गाडीत) ते मिळाले तर उत्तमच, कारण मागची दारे त्याच वर्षी आली आणि चार दारांत १२ व्हॉल्व्ह फक्त तेवढ्याच काळात मिळाले. विकणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते, त्यामुळे घासाघीस फारशी चालणार नाही.

प्रश्न : २००१ ची २४ व्हॉल्व्ह. थंड इंजिन लगेच सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की अर्धा तास घेत नाही. चढावर कधीकधी पेडल दाबूनही काही होत नाही. कोड पी०२१६ आला आहे. पंप बदलायला सांगितले आहे. नुसता पंप बदलून भागेल का?

उत्तर : नाही. पंप बहुधा गेलेलाच आहे, पण त्याला मारणारा फीड पंप (टाकीतून डिझेल आणून देणारा छोटा पंप) तसाच राहिला तर नवाही जाईल.

व्हीपी४४ डिझेलनेच थंड होतो आणि डिझेलनेच वंगण घेतो. आत आलेल्या डिझेलचा मोठा भाग टाकीत परत जातो, तो जाताना उष्णता घेऊन जातो. फीड पंप थकला की हा प्रवाह कमी होतो, डोक्यावरचे इलेक्ट्रॉनिक्स तापते, आतला टायमिंग पिस्टन घासतो. पी०२१६ म्हणजे नेमके हेच, पंप सांगितलेले टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, गाठू शकत नाही. या गाडीचा मूळ फीड पंप इंजिनच्या ब्लॉकला लावलेला आहे. टाकीपासून लांब असल्याने त्याला डिझेल ओढून आणावे लागते, आणि ढकलण्यापेक्षा ओढण्यात तो लवकर दमतो.

म्हणून आधी डिझेलचा दाब मोजणारे गेज लावा. फिल्टरनंतर, व्हीपी४४ च्या तोंडाशी. स्टार्टर क्षणभर फिरवून सोडला की फीड पंप सुमारे २५ सेकंद आपोआप चालतो, तेवढ्यात गळतीही तपासून होते. आयडलला १० ते १५ पीएसआय हवे. मग रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण पेडल. इथे काटा ५ च्या खाली गेला तर फीड पंप बाद. आयडलला ठीक दिसणारे कितीतरी पंप याच चाचणीत उघडे पडतात. फिल्टर नवा घालून एकदा फिरवून बघा, कारण चोंदलेला फिल्टरही असाच काटा पाडतो.

गरम असताना सुरू होत नसेल तेव्हा व्हीपी४४ च्या डोक्यावर थंड पाणी ओता. त्यावर सुरू झाली तर दोष बहुधा पंपातच आहे असे समजा.

पंप बदलताना शाफ्टवरची चावी (शाफ्ट आणि गिअर एकत्र अडकवणारा धातूचा छोटा तुकडा) सांभाळा. नव्या पंपाबरोबर आलेलीच चावी बसवायची, जुनी नाही, कारण तिच्यावरचा नंबर त्या पंपाच्या टायमिंगशी जुळवलेला असतो. आणि गिअर काढताना ती हातातून निसटून टायमिंग केसमध्ये (इंजिनच्या पुढच्या गिअरांच्या पेटीत) पडली तर पुढचे कव्हर उघडल्याशिवाय गाडी सुरू करू नका. शेवटी दोन-तीन नोझलच्या पाइपांचे नट सैल करून एअर काढा.

प्रश्न : '५३ ब्लॉक'ची गाडी घेऊ नये म्हणतात. ते ओळखायचे कसे?

उत्तर : ब्लॉकच्या ड्रायव्हरकडच्या बाजूला, पुढच्या भागात ५३ हा आकडा ओतीव उठून दिसतो. टॉर्च आणि आरसा घ्या, वरचा चिखल पुसा. १९९८ अखेरीपासून २००१ पर्यंतच्या २४ व्हॉल्व्हमध्ये हे ब्लॉक सापडतात. त्यांच्या पाण्याच्या जॅकेटची (ब्लॉकमधल्या कूलंटच्या पोकळीची) भिंत पातळ आहे, ती बाहेरून तडकते आणि कूलंट गळते. तडा बाहेरच्या भिंतीला असल्याने ऑइलमध्ये पाणी सहसा येत नाही, म्हणून ऑइल स्वच्छ आहे यावर समाधान मानू नका. कूलिंग सिस्टिमला १५ पीएसआयचा दाब देऊन अर्धा तास ठेवा आणि ब्लॉकच्या बाजू कोरड्या राहतात का पाहा. प्रत्येक ५३ तडकतोच असे नाही. थंड इंजिनवर जोर लावायचा नाही, कूलंट कमी होऊ द्यायचे नाही, एवढी काळजी घेतली तर तो चालतो. तडकलाच तर वेल्डिंग फारसे टिकत नाही, धातूच्या पिनांनी शिवणे हा चांगला उपाय.

प्रश्न : १९९६ ची गाडी, इंजिनला काहीच त्रास नाही. तरी डॉवेल पिनचे काम करून घ्यावे का?

उत्तर : घ्यावे. टायमिंग केस जागेवर बसवणारी ही पोलादी पिन हादऱ्यांनी हळूहळू बाहेर सरकते. ती गिअरच्या दातांत पडली तर केस फुटते किंवा गिअर तुटतात. धोका दोन्ही इंजिनांना आहे. पंखा, पट्टा, पुढची डॅम्पर पुली आणि पुढचे कव्हर काढायचे, पिन आत ठोकायची, आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी घालून तिचे तोंड अडवायचे. केसचे बाकीचे बोल्टही याच वेळी थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावून १८ पाउंड-फूटने आवळा, तेही ढिले होतात. क्रँकचे नवे सील कोरडेच बसवा. सवयीने ऑइल लावले की ते गळते. डॅम्परचे बोल्ट ९२ पाउंड-फूट.

इंजिन उघडलेच आहे तर वरची सहा झाकणे काढून टॅपेटची (व्हॉल्व्हची) फटही जुळवून घ्या : इंजिन थंड, इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२०.