ऑटो-डिमिंग आरसा बसवू की तेच पैसे कारच्या लोनमध्ये भरू?

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं वय ५४, आठवड्यातून पाच दिवस दुसरी शिफ्ट संपवून रात्री स्वतः गाडी चालवत घरी येता, साधारण तासभर, आणि त्यातला बराचसा दोन पदरी हायवे. मागच्या गाड्यांचे लाइट आतल्या आरशातून थेट डोळ्यात येतात आणि हल्ली ते जास्तच सहन होत नाहीत. गाडी चार वर्षं जुनी, मधलं मॉडेल, म्हणून आपोआप मंद होणारा आरसा कंपनीकडून आलेला नाही. तो बाहेरून बसवायचा तर फिटिंग धरून कारच्या एका हप्त्याच्या निम्मा खर्च येतोय, आणि दुकानदार म्हणतोय की डॅशकॅमवालं (रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा) मोठं पॅकेज घ्या, सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय करून देतो. मिस्टर म्हणतात लोनचे १४ हप्ते राहिलेत, तिकडे भरूया की पैसे.

तर माझं म्हणणं असं की आरसा घ्या, पण साधा घ्या, रोख पैसे देऊन घ्या, पॅकेज नको आणि ईएमआय तर नकोच. आणि त्याच्या आधी डोळे तपासून घ्या, ते का ते खाली सांगते.

आधी मिस्टरांचा मुद्दा, कारण तो चुकीचा नाहीये, फक्त या रकमेला लागू होत नाही. समजा तुमचं लोन वर्षाला ९ टक्क्यांच्या आसपास आहे आणि अर्धा हप्ता आज जास्तीचा भरला, तर शेवटी १४ महिन्यांनी त्याचा फायदा किती, तर एका हप्त्याच्या विसाव्या भागाच्या जरासा वर, बस. शेवटचा हप्ता थोडा लहान होईल एवढंच, आणि बँकेने पार्ट-पेमेंटला चार्ज लावला तर तेही नाही. लोन नवीन असतं, सात वर्षांचं असतं, रक्कम मोठी असती तर मी डोळे झाकून मिस्टरांच्या बाजूने बोलले असते. लोन संपत आलं की त्यातलं बरंचसं व्याज आपण आधीच भरून झालेलं असतं, त्यामुळे शेवटी शेवटी केलेल्या प्रीपेमेंटने मनाला बरं वाटतं पण हातात फारसं काही येत नाही. तुम्ही लिहिलंय की पाच महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला आहे आणि क्रेडिट कार्डावर बाकी नाही, म्हणून मी हे एवढं मोकळेपणाने म्हणतेय. कार्डावर बाकी असती तर आधी ती फेडा म्हटलं असतं, आरशाचं नंतर बघू.

आता खर्च वापरावर वाटून बघा. रोजचा एक तास, आठवड्याचे पाच दिवस, सुट्ट्या वगळून वर्षाचे ४८ आठवडे धरले तर २४० तास, आणि गाडी अजून चार वर्षं ठेवणार म्हणता म्हणजे ९६० तास अंधारातलं ड्रायव्हिंग. महिन्यातून एकदा दोन तास रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाचे याच चार वर्षांत ९६ तास होतात, म्हणजे त्याला तोच आरसा तासाला दहापट महाग पडतो. त्याने मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. वस्तू तीच, किंमत तीच, पण तुमच्यासाठी उत्तर वेगळं येतं ते या तासांमुळे.

डोळ्यांचं आता. वय वाढलं की डोळ्यातल्या भिंगात प्रकाश जास्त पसरतो आणि एकदा डोळे दिपले की पूर्ववत व्हायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर हे सगळंच वाढतं. तुम्ही 'हल्ली त्रास वाढलाय' असं लिहिलंय ना, ते वाचून मला आरशापेक्षा डोळ्यांची काळजी जास्त वाटली. समोरून येणाऱ्या लाइटचाही तेवढाच त्रास होतो का ते लक्ष देऊन बघा, कारण मागचा आरसा कितीही भारी लावला तरी समोरच्या अप्परवर त्याचा काही उपयोग नाही. तपासणीचा खर्च आरशाच्या मानाने किरकोळ असतो आणि तो पहिला करायचा, यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. चष्म्याचा नंबर बदललेला निघाला तर पैसे आधी चष्म्याला. आणि हो, समोरची काच आतून पुसून बघा, आतल्या बाजूला जो चिकट धुरकट थर बसतो त्याने लाइट फुटतो आणि आपल्याला वाटतं दोष आरशाचाच आहे.

तुमच्या आत्ताच्या आरशाखाली एक छोटा खटका असेल, तो तुम्ही वापरता का हे लिहिलेलं नाही. त्या आरशाची काच पाचरीसारखी एका बाजूने जाड असते. खटका ओढला की मागच्या चांदीच्या थराचं प्रतिबिंब छताकडे जातं आणि आपल्याला दिसतं ते फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून येणारं, जे जेमतेम ४ टक्के प्रकाश परत पाठवतं. त्यामुळे डोळे दिपायचे थांबतात, पण मागे लाइटचे दोन ठिपके सोडले तर बाकी फारसं काही कळत नाही, गाडी केवढी आहे, किती जवळ आलीय, काही नाही. शिवाय दर वेळी हात वर न्यायचा आणि मागची गाडी गेली की परत खाली करायचं. शहरात चालून जातं. रोज तासभर दोन पदरी हायवेवर, जिथे मागचा कधी ओव्हरटेक करेल सांगता येत नाही, तिथे हा फरक मला पैसे देण्यालायक वाटतो.

ऑटो-डिमिंगमध्ये दोन काचांच्या मध्ये एक जेल असतं, त्यातून एक-सव्वा व्होल्टच्या आसपास अगदी थोडी वीज गेली की ते गडद होतं आणि वीज काढली की परत स्वच्छ. दोन सेन्सर असतात, एक पुढच्या काचेकडे बघतो, बाहेर अंधार आहे का ते पाहायला, दुसरा मागे बघतो, लाइट किती येतोय ते पाहायला, आणि गरज असेल तेवढीच काच काळी होते. तंत्र काही नवीन नाही, जेंटेक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये असा आरसा बाजारात आणला आणि आजही कितीतरी कार कंपन्यांना तेच आरसे पुरवतात. हे सांगायचं कारण असं की 'लेटेस्ट टेक्नॉलॉजी' म्हणून कोणी जास्तीचे पैसे मागत असेल तर देऊ नका. तसंच स्वस्तात मिळणारे निळसर काचेचे आरसे, जे जुन्या आरशावर क्लिपने बसतात, त्यांना पुष्कळदा अँटी-ग्लेअर म्हणून विकतात, पण ते कायमचेच गडद असतात, त्यात सेन्सर नाही की काही नाही. पाऊस असेल, रस्त्यावर दिवे नसतील, तर मागचं काहीच दिसत नाही. ते पैसे वाया.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर बसवल्यावर हिरमोड होईल. दारावरचे बाहेरचे दोन आरसे याने मंद होत नाहीत. ज्या गाड्यांत ते होतात तिथे कंपनीने ते आतल्या आरशाला जोडलेले असतात आणि त्यांची काचच वेगळी असते. तुमच्या गाडीत बाजूने येणारा लाइट येतच राहणार, त्यावर उपाय म्हणजे बाहेरचे आरसे थोडे आणखी बाहेर वळवून ठेवायचे, स्वतःच्या गाडीचा पत्रा जेमतेम दिसेनासा होईल इतके, म्हणजे मागचा लाइटही सरळ डोळ्यात येत नाही आणि बाजूची न दिसणारी जागाही कमी होते. याला पैसे लागत नाहीत, आजच करा.

आता खरी जोखीम, आणि ती आरशात नाही, वायरिंगमध्ये आहे. तुम्ही जो अर्धा हप्ता म्हणताय तो सगळं नीट झालं तरचा आकडा आहे. आरशाला इग्निशनवर चालू-बंद होणारी १२ व्होल्टची लाइन लागते. ती फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (मूळ वायर न कापता फ्यूजच्या जागेवरून लाइन घ्यायचा जोड) लावून, वेगळा कमी अ‍ॅम्पिअरचा फ्यूज टाकून घ्यायची. मूळ वायर सोलून टेप मारून जोड दिला तर गाडीत कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड झाला की सर्व्हिस सेंटर त्याच जोडाकडे बोट दाखवणार आणि वॉरंटी नाकारायला त्यांना कारण मिळणार. तुमची एक्स्टेंडेड वॉरंटी अजून चालू आहे, तिचे पैसे भरलेत तुम्ही, ती या एका जोडासाठी धोक्यात घालू नका. त्यातून वायर छताच्या लायनिंगमधून आणि पुढच्या खांबाच्या कव्हरमागून नेतात, आणि गाडीला पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर त्या तिथेच असतात, वायर त्यांच्यावरून आडवी गेली तर अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडताना अडथळा येऊ शकतो, म्हणून ती एअरबॅगच्या मागूनच जायला हवी. हे जो माणूस तुम्ही न विचारता सांगेल त्याच्याकडून काम करून घ्या, भले दोन पैसे जास्त घेऊ दे. जो म्हणेल 'अर्ध्या तासात करून देतो, वरच्या दिव्यातून घेतो लाइन', त्याला आधी विचारा की ती लाइन गाडी बंद केल्यावर बंद होते का, कारण बऱ्याच गाड्यांत त्या दिव्याला कायम सप्लाय असतो आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की बॅटरीवर ताण.

आरसा ज्या धातूच्या बटणावर बसतो ते समोरच्या काचेला चिकटवलेलं असतं, आणि जोर लावून उपटताना काच तडकली तर तुमचा हिशोब अर्ध्या हप्त्यावर राहत नाही. तेव्हा जुना आरसा काढताना काही झालं तर खर्च कोणाचा हे बिलावर आधी लिहून घ्या. आरशाच्या मागे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर मात्र माझं उत्तर बदलतं, मग हे बाहेरून करूच नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा तुमच्या मॉडेलला वरच्या मॉडेलचा आरसा बसतो का. बऱ्याचदा बसतो, कपलर लावायचा की झालं, वायर कापावी लागत नाही, आणि थोडा महाग पडला तरी मी तोच घेईन. इन्शुरन्सवाल्यांनाही एक मेल टाकून विचारून घ्या, नंतर बसवलेली इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी आपोआप कव्हर होते असं धरून चालू नका.

पॅकेजचं मी नको म्हटलं कारण तुमचा त्रास लाइटचा आहे, त्यात डॅशकॅमचा काही संबंध नाही. नको असलेल्या वस्तूवर मिळालेला डिस्काउंट हा खर्चच असतो. आणि नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज कुठेतरी असतंच, रोखीवर मिळाली असती ती सूट जाते, वर प्रोसेसिंग फी. दुकानदाराला सरळ विचारा, फक्त आरसा, आज रोख दिले तर किती. तो आकडा ऐकला की कळेलच. पैसे दोन महिन्यांच्या बचतीतून बाजूला काढा, घाई नाही, तेवढ्यात डोळ्यांची तपासणीही होऊन जाईल.

गाडी विकताना या आरशाचे जास्तीचे कोणी देणार नाही, ते धरूच नका. जुना आरसा मात्र फेकू नका, कपाटात ठेवा, विकायच्या वेळी तो परत लावून हा काढून घेता येतो, आणि जेल खराब होऊन काचेत बुडबुडे आले तर तोवर तरी काम अडत नाही.

काम झालं की तिथेच तपासा. इग्निशन चालू ठेवून पुढच्या काचेकडचा सेन्सर बोटाने झाका, मागच्या सेन्सरवर मोबाइलचा टॉर्च मारा, काही सेकंदांत काच गडद व्हायला हवी. मग तशीच गडद असताना रिव्हर्स टाका, गाडी मागे घेताना नीट दिसावं म्हणून ती लगेच उजळायला लागली पाहिजे, नाही उजळली तर बहुतेक रिव्हर्सची वायर जोडलेली नाही आणि पैसे पूर्ण देऊ नका.