बँड मोडला, गाणी कुणाची?

प्रश्न : ठाण्यातला आमचा चौघांचा बँड मोडला. बोल माझे, चाली मी आणि आमच्या गायिकेने मिळून केलेल्या. सहा गाणी ऑनलाइन आहेत, पण ती ड्रमरच्या खात्यावरून चढवलेली. मी एकटा ती गाऊ शकतो का?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : कायद्याच्या हिशेबात एक गाणं म्हणजे तीन गोष्टी : बोल, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींची मालकी वेगळी. बोल तुमचेच. चाल दोघांची, त्यामुळे ती कुणाला जाहिरातीसाठी वगैरे द्यायची तर दोघांची संमती लागेल. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली तो. स्टुडिओचं बिल चौघांनी वर्गणी काढून भरलं असेल, तर भांडणाला सुरुवात बहुतेक इथूनच होते.

रंगमंचावर गायला अडचण नसावी. बोल-चालीचा परवाना आयोजकाने आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी संस्था) घ्यायचा असतो. पण जुन्या रेकॉर्डिंगमधला बास किंवा ड्रम उचलून मागे वाजवलात, तर प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा होतो. तो ट्रॅक नव्याने वाजवून घ्या.

आता कागद. एका गाण्याला एक पान : गाण्याचं नाव, प्रत्येकाचं पूर्ण नाव, बोलांचे टक्के, चालीचे टक्के, बेरीज बरोबर 100, सह्या, तारीख. आयपीआरएसकडे नोंद करताना हेच आकडे द्यायचे. दोघांनी वेगवेगळे आकडे भरले की पैसे अडकून राहतात. सुरुवातीचा गिटारचा तुकडा चालीत धरायचा की नाही, तेही याच पानावर ठरवून टाका. हे काम बोलणं सुरू आहे तोवर उरकावं. एकदा अबोला धरला की सही मिळत नाही.

राहिलं ड्रमरचं खातं. गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या काही वितरण सेवांची वार्षिक फी थकली की गाणी उतरतात, म्हणून ती दुसऱ्या खात्यावर हलवा. सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि जुन्या खात्यातून प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची ओळख, 12 अक्षरं-अंकांची असते) उतरवून घ्या. नवीन खात्यावर तीच मूळ फाइल, तीच नावं, तोच क्रमांक टाकून गाणी चढवा. ती सगळीकडे दिसू लागल्यावरच जुनी काढा. उलट्या क्रमाने केलंत किंवा ‘जरा आवाज वाढवू’ म्हणून फाइल बदललीत, तर आजवरचे ऐकण्याचे आकडे शून्यावर येऊ शकतात. कलाकार म्हणून बँडचंच नाव ठेवा. तिथे स्वतःचं नाव घुसवणं खोटेपणाच.

प्रश्न : बँडचं नाव मीच सुचवलं होतं. ते मी वापरू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : सुचवल्याने नाव आपलं होत नाही. लेखी करार नसला तरी एकत्र काम करून नफा वाटून घेत असाल, तर 1932चा भागीदारी कायदा लागू होऊ शकतो. वेगळं काही ठरलं नसेल तर त्यात वाटे समान, आणि नावाची पत ही सगळ्यांची मालमत्ता. ट्रेडमार्कसाठी करमणुकीचा वर्ग 41. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे 4,500 रुपये, नोंदणी 10 वर्षांची. पण अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतो, आणि तुमचे जुने सोबती ती घेणारच.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमधून रॉजर वॉटर्स 1985मध्ये बाहेर पडले. आपल्याशिवाय हे नाव कुणी वापरू नये म्हणून ते कोर्टात गेले, पण 1987च्या तडजोडीत नाव उरलेल्यांकडेच राहिलं. ‘अमुक बँडचे माजी गिटारवादक’ असं पोस्टरवर लहान अक्षरात छापा, तेवढं पुरे. बँडचं नाव तुमच्या नावापेक्षा मोठं दिसलं की वाद आलाच.

प्रश्न : आमची गायिका काळी चारमध्ये गायची. आता मीच गातो आणि माझी पट्टी काळी एक. जुनी गाणी बसतच नाहीत.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : काळी चारवरून (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी) काळी एकवर यायचं म्हणजे सात अर्धस्वर खाली किंवा पाच वर. तयार ट्रॅक संगणकावर एवढा ओढला की बास चिखलात जातो किंवा बासरी पिपाणीसारखी वाजते. एक-दोन अर्धस्वर खपतात, त्यापुढे स्वरवाद्यं पुन्हा वाजवावीच लागतात. ड्रमचा ट्रॅक तसाच ठेवा, त्याला पट्टी बदलायची गरज नाही.

गिटारची खरी गोची मोकळ्या तारांची आहे. पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी चिमटी) लावून जी कॉर्डच्या आकारात वाजणारा तुकडा काळी एकमध्ये तसाच हवा असेल, तर कॅपो सहाव्या घरात जातो. बोटं तीच, पण खर्ज गायब; गिटार मँडोलिनसारखी किणकिणते. त्यापेक्षा कॅपो चौथ्या घरात लावून ए-चे आकार धरा आणि तुकडा नव्याने बसवा. एकट्या गायकामागे तो जास्त भरीव वाटतो.

ट्रॅकबरोबर क्लिक (लय सांगणारा ठोका) वापरणार असाल, तर डाव्या वाहिनीत क्लिक, उजवीत संगीत, आणि साउंडवाल्याकडे दोन वेगळ्या तारा. त्याने दोन्ही मुख्य स्पीकरला जोडल्या की ‘टिक टिक’ अख्ख्या गडकरी रंगायतनला ऐकू जाते. तालमीच्या वेळीच संगीत बंद ठेवून नुसता क्लिक चालू करा आणि शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. फोनवरून वाजवत असाल तर विमान मोड लावा.

प्रश्न : एकट्याच्या कार्यक्रमात बँडची गाणी किती घ्यावीत? आणि नवीन कधी काढावं?
— एक वाचक, वाशी

उत्तर : बीटल्स फुटल्यावर पॉल मॅकार्टनी यांनी 1972मध्ये विंग्ज हा नवा बँड घेऊन ब्रिटनमधल्या विद्यापीठांचा दौरा केला, त्यात बीटल्सचं एकही गाणं नव्हतं. 1976च्या अमेरिका दौऱ्यात पाच आली. त्यांना ते परवडलं, तुम्हाला नाही. 40 मिनिटांत आठ गाणी बसतात. तीन जुनी घ्या : दुसरं, पाचवं आणि शेवटचं. सुरुवात नव्याने करा, कारण तेव्हा लोक कान देऊन ऐकतात.

नवीन काढण्याआधी साठा मोजा. बीटल्सचेच जॉर्ज हॅरिसन यांनी 1970च्या नोव्हेंबरमध्ये तीन तबकड्यांचा अल्बम काढला, तो बँडमध्ये जागा न मिळालेल्या गाण्यांच्या जोरावर. तुमच्या वहीत पूर्ण झालेली निदान चार गाणी असतील तरच पहिलं सोडा, बाकीची सहा-सहा आठवड्यांनी. स्पॉटिफायवर प्लेलिस्टसाठी गाणी निवडणाऱ्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि 12 महिन्यांत 1,000 वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्या ध्वनिमुद्रणाचे पैसे सुरू होत नाहीत. शिवाय तुमचं नाव-आडनाव सर्रास आढळणारं असेल, तर गाणं दुसऱ्याच गायकाच्या पानावर जाऊन बसतं. चढवतानाच नवं पान मागा.