दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) वेढा पडलेला असताना तिथले कारखाने चालले कसे? कामगारांच्या जिद्दीवर?

जिद्दीवर लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, फिरत नाही. लेथला तीन फेजची वीज लागते आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात लेनिनग्राडमध्ये ती नव्हती. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की त्या हिवाळ्यात बहुतेक कारखाने चालत नव्हते, बंद पडले होते. ‘बॉम्ब पडत होते, पण यंत्रं एक दिवस थांबली नाहीत’ छापाचे मेसेज दर वर्षी जानेवारीत फिरतात, ते खोटे आहेत. कारखाने बंद का पडले आणि पुन्हा सुरू कशामुळे झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. मी केबलच्या कामातला माणूस आहे, म्हणून तेवढंच सविस्तर सांगतो.

आधी नकाशा. किरोव्ह कारखाना, म्हणजे जुना पुतिलोव्ह, शहराच्या नैऋत्येला. आघाडी तिथून चारेक किलोमीटरवर येऊन थांबली. सोव्हिएत सैन्याचा ‘केव्ही’ हा जड रणगाडा इथलाच. त्याला लागणारं चिलखती पोलाद कोल्पिनोच्या इझोरा कारखान्यातलं, आणि तोही तोफांच्या टप्प्यात. ३० ऑगस्ट १९४१ ला जर्मनांनी मगा स्टेशन घेतलं आणि रेल्वे तुटली. ८ सप्टेंबरला श्लिसेलबुर्ग गेलं आणि जमिनीवरची वाट संपली. यंत्रं भरून तयार असलेले डबे आतच अडकले. किरोव्हचे कामगार आणि इंजिनिअर विमानाने बाहेर काढून चेल्याबिन्स्कला नेले. रणगाड्यांचं मोठं उत्पादन पुढे तिथे झालं, लेनिनग्राडमध्ये नाही. मागे राहिलेल्या किरोव्हमध्ये मुख्यतः रणगाड्यांची दुरुस्ती आणि तोफगोळे.

आता वीज. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीची वीज मिळू लागली. लेनिनग्राडसाठी तेच काम १९२६ पासून व्होल्खोव्ह नदीवरचं जलविद्युत केंद्र करत होतं. शहरापासून शंभरावर किलोमीटर पूर्वेला. त्याची लाइन लादोगा सरोवराच्या दक्षिणेकडून यायची आणि नेमकी तीच पट्टी जर्मनांच्या हातात गेली. स्वीर नदीवरचं केंद्र फिनिश आघाडीवर अडकलं. नेव्हाकाठचं दुब्रोव्काचं औष्णिक केंद्र जर्मनांनी घेतलं आणि त्याच्या काँक्रीटच्या इमारतीचा किल्ला केला. शहरात उरली ती आतली जुनी औष्णिक केंद्रं. त्यांना कोळसा बाहेरून यायचा, तोही बंद.

मग पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती. वेढ्याच्या आत पीटच्या दलदली होत्या, लाकूडही होतं; लाकडी घरं पाडून जाळली गेली. पण कोळशासाठी बांधलेल्या बॉयलरमध्ये पीट टाकला की तेवढीच वाफ मिळत नाही. बाहेर वाळवलेल्या पीटमध्येही ३०-४० टक्के पाणी असतं. भट्टीतली बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते, ज्वाला लांबते, शेगडीवर राखेचा थर बसतो, हवेचे पंखे कमी पडतात. शेगडी आणि भट्टीची मांडणी बदलावी लागते, आणि ते काम उपाशी फिटर करणार. त्यावर हिवाळ्याचं दुष्टचक्र: वीज गेली की पाण्याचे पंप थांबतात, पंप थांबले की उणे तीस अंशांच्या थंडीत नळ गोठतात, नळ गोठले की बॉयलरला पाणी मिळत नाही, आणि बॉयलर थांबला की उरलीसुरली वीजही जाते. २५ जानेवारी १९४२ ला अख्ख्या शहराचा भार सुमारे ३,००० किलोवॅटवर आला होता. आजचा एक मध्यम मॉल एवढी वीज खातो. ट्राम ८ डिसेंबरपासूनच बंद होत्या. तेवढ्या विजेत बेकऱ्या चालवायच्या, पाण्याचे पंप की दवाखाने, हा प्रश्न असताना लेथचा विषयच निघत नाही.

वसंतात बर्फ वितळलं तेव्हा उपाय निघाला तो असा. जर्मन फौजा व्होल्खोव्हच्या अगदी जवळ आल्या तेव्हा तिथले जनित्र काढून मागे नेले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जर्मनांना मागे रेटलं आणि १९४२ मध्ये ते परत आणून बसवले. वीज तयार झाली, पण ती शहरात आणायची कशी? जमिनीवर जर्मन. म्हणून सरोवराच्या तळाशी केबल.

हे काम किती अवघड होतं ते केबलचा आकडा पाहिल्याशिवाय कळत नाही. ३×१२० चौरस मिलिमीटर तांबं, कागदाचं इन्सुलेशन, शिशाचं आवरण, वरून लोखंडी तारांचं आर्मर. विजेचा दाब (व्होल्टेज) १० किलोव्होल्ट. एका किलोमीटरचं वजन सुमारे १६ टन. या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याखाली वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे एका लाइनीचं वजन साडेतीनशे टनांच्या घरात. अशा पाच लाइनी. केबल बनवली ती शहरातल्याच सेव्हकाबेल कारखान्याने, वेढ्याच्या आत बसून. तांबं आणि शिसं जमलं, पण केबलचा कागद संपला. मग नोटा छापणाऱ्या गोझ्नाकचा वॉटरमार्क असलेला कागद वापरला.

इथे लोक ‘वा, काय कल्पकता!’ म्हणून पुढे जातात. थांबा जरा. नोटेचा कागद लांब तंतूंचा आणि मजबूत असतो. पट्टी गुंडाळताना ताण बसतो तेव्हा तो फाटत नाही, हा त्याचा फायदा. पण वॉटरमार्क म्हणजे जाडी मुद्दाम कमी-जास्त केलेली. इन्सुलेशनला तेच नको असतं, कारण पातळ जागी विजेचा दाब एकवटतो. हे निभतं ते थरांमुळे. १० किलोव्होल्टला काही मिलिमीटर इन्सुलेशन लागतं आणि एक पट्टी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे डझनावारी थर. सांधे एकावर एक येऊ दिले नाहीत, तर एका थरातली उणीव पुढचा थर झाकतो. खरी अडचण कागदाची नाही, ओलाव्याची. गुंडाळलेला गाभा निर्वात टाकीत शंभर अंशांच्या वर तापवून तासन्‌तास सुकवावा लागतो, मग त्याच टाकीत हवा न लागू देता गरम तेल-राळेचं मिश्रण मुरवायचं. निर्वात पंप मध्येच बंद पडला की तो गाभा पुन्हा पहिल्यापासून सुकवा. सुकवणीला वाफ लागते, पंपाला वीज. म्हणजे वीज आणण्यासाठीची केबल बनवायलाही वीजच हवी! पीटवर चालणाऱ्या केंद्रांची जी थोडी वीज होती, तिच्यातला वाटा इथे द्यावा लागला. लेनिनग्राडच्या उद्योगाची खरी गोष्ट मला विचाराल तर ती या वाटपाची आहे.

दहाच किलोव्होल्ट का, पस्तीस का नाही? तिन्ही फेजवर (केबलमधल्या तीन तारांवर) मिळून इन्सुलेशनचा एकच पट्टा असलेल्या कागदी केबलची मर्यादा साधारण तेवढीच. त्याच्या वर गेलं की फेजमधल्या भरावात विद्युतक्षेत्र तिरपं बसतं आणि कागद थरांच्या बाजूने फुटतो. मग प्रत्येक फेजला वेगळा स्क्रीन, म्हणजे धातूचं पातळ वेष्टण, हवा, जास्त कागद, जास्त शिसं. कमी दाबाची किंमत मात्र मोजावी लागते. माझा अंदाजी हिशोब: २५० अँपिअर धरले तर एका लाइनीतून सव्वाचार मेगावॅट. बावीस किलोमीटरचा रोध साडेतीन ओहमच्या जवळपास, म्हणजे सहाशेवर किलोवॅट सरोवर गरम करण्यात गेले. पंधरा टक्के! आज असं डिझाइन कोणी पास करणार नाही. पाच लाइनी मिळून वीसेक मेगावॅट आणि जानेवारीत शहराकडे होते तीन.

केबल टाकायचं काम ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झालं. ड्रम रेल्वेने लादोगाच्या काठावर, तिथून बार्जवर. पुढे टग (बार्ज ओढणाऱ्या बोटी) आणि पाणबुडे. विमानांचा धोका, म्हणून रात्रीची पसंती. पण माझ्या मते यातली सगळ्यात कठीण गोष्ट पाण्यात नव्हतीच, ती जोडांत होती. ड्रमवर अर्धा किलोमीटर केबल धरली तर एका लाइनीत चाळीसहून अधिक जोड येतात, आणि पाण्याखालचा एक जोड गेला की पूर्ण लाइन गेली.

कागदी केबलचा जोड असा होतो. आर्मर सोडून मागे बांधायचं. शिसं घासून स्वच्छ करून कापायचं. फेज हळू वाकवायचे, जोरात वाकवले की कागदाला सुरकुती पडते आणि पुढे तिथेच फुटतो. मग ओलाव्याची चाचणी: फेजजवळच्या कागदाची पट्टी चिमट्याने काढून दीडशे अंशांच्या कंपाउंडमध्ये (इन्सुलेशनच्या गरम मिश्रणात) बुडवायची. तडतडली, फेस आला, तर केबल ओली आहे. कोरडा कागद मिळेपर्यंत कापत मागे जायचं. कागदाला उघडा हात लावायचा नाही, घामही पाणीच. कागद पायऱ्यापायऱ्यांनी कापायचा, तारांची टोकं जोडणारी धातूची नळी, म्हणजे फेरूल, घालून वितळलेलं कथिल ओतायचं, मग मुरवलेल्या पट्ट्या गुंडाळत प्रत्येक थरावर गरम कंपाउंड. वरून शिशाची नळी सरकवून दोन्ही टोकं पुसून झाळायची. शेवटी आत कंपाउंड भरायचं आणि ते थंड होताना आकसतं म्हणून पुन्हा भरायचं. हे दुसऱ्यांदा भरणं जो टाळतो, त्याच्या जोडात पोकळी राहते. त्या पोकळीत बारीक ठिणग्या पडत राहतात, महिन्याभराने धाड्‌कन जातो आणि मग दोष केबलला दिला जातो.

२३ सप्टेंबर १९४२ ला पहिल्या लाइनीतून वीज आली. म्हणजे कामाला सुरुवात झाल्यापासून दीडएक महिन्यात. पुढच्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर खांब उभे करून ६० किलोव्होल्टची लाइनसुद्धा ओढली. १८ जानेवारी १९४३ ला वेढा फुटून जमिनीची पट्टी मिळाली, ७ फेब्रुवारीला पहिली रेल्वे आली आणि मग विजेची अडचण पूर्वीसारखी जीवघेणी राहिली नाही.

कारखान्यांनी त्या विजेचं काय केलं, हा तुमच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. एकच उदाहरण देतो. सुदायेवची पीपीएस सबमशीनगन याच शहरात उत्पादनात आली. प्रचलित पीपीएसएच बंदुकीला १३.९ किलो धातू आणि ७.३ यंत्र-तास लागायचे, पीपीएसला ६.२ किलो आणि २.७ तास. पत्र्याचे भाग प्रेसवर ठोकायचे, वेल्डिंग आणि रिव्हेटने जोडायचे, लेथ-मिलिंगचं काम जमेल तेवढं कमी. वीज, पोलाद आणि कुशल हात तिन्ही कमी असतील तर डिझाइनरने काय करावं, याचं उत्तर त्या बंदुकीत आहे. वीरश्रीच्या भाषणात नाही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. एक, माणसं मेली. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात सहा लाख बत्तीस हजारांचा आकडा दिला गेला. अनेक इतिहासकार तो बराच कमी मानतात. दोन, २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम ब्रेड होता, इतरांना १२५. कारखाना बंद असला तरी हजेरीपटावर नाव असणं म्हणजे काय, ते यावरून समजा. तीन, २६ डिसेंबर १९४१ च्या हुकमाने युद्धसामग्रीच्या कारखान्यातलं काम परवानगीशिवाय सोडणं पळपुटेपणा ठरलं, शिक्षा पाच ते आठ वर्षं. तुम्ही जिला जिद्द म्हणता त्यात ब्रेडचं कार्डही होतं आणि तुरुंगही. जिद्द नव्हती असं मी म्हणत नाही. उपाशी पोटी चाळीस जोड नीट करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? पण ती मोजता येत नाही.

तुम्ही यावर लिहिणार किंवा बोलणार असाल तर सोव्हिएत उत्पादनाचे टक्के बाजूला ठेवा आणि महिन्यागणिक तीन गोष्टी शोधा: शहराचा वीजभार, पीट आणि लाकडाची आवक, ब्रेडचं प्रमाण. कारखाने कधी चालले आणि कधी नाही, ते आपोआप दिसेल. आणि ट्रेनी इंजिनिअरांच्या कार्यक्रमात हा किस्सा ‘इच्छाशक्ती’च्या स्लाइडवर लावणाऱ्यांना माझी एक विनंती. मुंबई-पुण्यात जमिनीखाली आजही जुनी कागदी ११ किलोव्होल्टची केबल सापडते, आणि तिच्या जोडावर ‘पट्टीची चाचणी राहू द्या, पाऊस यायच्या आत उरका’ असं सांगणारे तुम्हीच असता. ताडपत्री बांधा, कंपाउंड तापवा, पट्टी बुडवा, तडतडली तर कापा. दोन तास जास्त जातील.