५ टनी ईओटी क्रेनचं (शेडमध्ये वरच्या रुळांवरून विजेवर फिरणारी क्रेन) सर्टिफिकेट दरवर्षी घ्यावंच लागतं का? खर्च किती आणि तपासणी किती वेळात उरकते?

घ्यावंच लागतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम २९ पासून हे चालत आलंय: क्रेन, साखळ्या, वायर रोप, सगळ्याची १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी. खर्चासाठी दोन-तीन कोटेशन मागवा. मी लिहायला बसलो ते तुमच्या ‘उरकते’ या शब्दामुळे.

२०१३ साली मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तपासणीला आलेले साहेब केबिनमध्ये बसले, मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून नवा भरला, चहा घेतला आणि गेले. शिडीला हातसुद्धा लावला नाही. हूकचा वरचा लिमिट स्विच, म्हणजे हूक फार वर गेला की मोटर बंद करणारा, तेव्हा डायरेक्ट केलेला होता. जुना जळाला, नवा आला नव्हता, काम थांबू नये म्हणून नुसती वायर जोडलेली. मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, “सर्टिफिकेट आलंय ना? मग तुला काय अडचण आहे?”

दीड महिन्यानं, दुसऱ्या पाळीत, हूक वर घेताना ऑपरेटरकडून पेंडंटचं (क्रेनखाली लोंबणाऱ्या बटणांच्या डबीचं) बटण दाबलेलंच राहिलं. हूक ब्लॉक रोप गुंडाळायच्या ड्रमला भिडला, रोप तुटला, ब्लॉक खाली आला. खाली आमचा हेल्पर कास्टिंगला पट्टा घालत वाकलेला. पायाची दोन बोटं गेली. तेवीस वर्षांचा पोरगा.

चौकशीत मॅनेजरनी तेच सर्टिफिकेट पुढे केलं आणि सगळं ऑपरेटरवर ढकललं. ऑपरेटर चुकला, मान्य. पण माणसाचं बोट कधीतरी बटणावर राहणार हे धरूनच तर तो स्विच बसवतात! तो चालू असता तर मोटर तिथंच बंद पडली असती. हे मी चौकशीत बोललो आणि दोन महिन्यांत माझी रवानगी स्टोअरमध्ये झाली. मी आजही तेच म्हणेन.

तेव्हा, तपासणारा वर चढला नाही तर त्याचं सर्टिफिकेट घेऊच नका. रिकामा हूक हळूहळू वर नेऊन लिमिट स्विच बघायला लावा. ब्रेक वजन उचलूनच कळतो. रोपचं ग्रीज पुसल्याशिवाय तुटलेल्या तारा दिसत नाहीत. हूकचं तोंड उघडलंय का, पट्टा निसटू न देणारी लॅच बसते का, हेही बघायला हवं. वजन बांधायचे पट्टे आणि ते अडकवायच्या कड्या, म्हणजे शॅकल, तर लोक विसरतातच. अर्धा दिवस सहज जातो, तेवढा वेळ क्रेन बंद ठेवा. डिस्पॅच अडकेल म्हणून आमच्याकडे ती कधी थांबवली नाही, अपघातानंतर मात्र सोळा दिवस उभी होती.

आता नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे कुठला नमुना भरायचा ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि तपासणारे सगळेच तसे नसतात. पुढच्या नोकरीत एकांनी हूकला बारीक तडा दिसला म्हणून क्रेन जागेवर बंद करायला लावली होती. असा माणूस मिळाला तर दरवर्षी त्यालाच बोलवा आणि वर जाताना तुमचा फिटर सोबत द्या. काय कुठे डायरेक्ट केलंय ते त्यालाच माहीत असतं.