मिशिगनकडून हरल्यानंतर : कोलंबसमधील एका विद्यार्थिनीस पत्र

कोलंबस, ओहायो
14 डिसेंबर 2024

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. परीक्षेच्या धामधुमीत इतके सविस्तर लिहावेसे तुला वाटले, यावरूनच 30 नोव्हेंबरची ती हार तुझ्या किती जिव्हारी लागली आहे हे कळते. ‘जो खेळ इथे येईपर्यंत मी कधी पाहिलाही नव्हता, त्यासाठी मी इतकी का रडले?’ असे तू विचारतेस, आणि त्या प्रश्नामागे थोडी शरमही दिसते. ती शरम आधी सोडून दे. आपले ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना 1897 साली झाला आणि 1918 पासून, 2020 चे करोनाचे वर्ष वगळता, तो दरवर्षी होत आला आहे. ज्या गावात या सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरील प्रत्येक ‘एम’वर लाल पट्टीची फुली मारली जाते, आणि मिशिगनला हरवणाऱ्या खेळाडूंना सोन्याच्या इवल्याशा विजारीचे पदक देण्याची प्रथा 1934 पासून चालत आलेली आहे, त्या गावात शिकायला येऊन तू कोरडी राहिली असतीस तरच मला नवल वाटले असते. शिवाय तू कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठापेठांत कशी ईर्षा पेटते हे तुला मी सांगायला नको. आपल्या माणसांच्या संघाने हरावे आणि तेही त्याच एका संघाकडून हरावे, याचे दुःख खरे असते. तू त्या दुःखाचे पुढे काय केलेस आणि काय करणार आहेस, याविषयी मात्र मला तुझ्याशी सविस्तर बोलायचे आहे.

हार वाईट होती, हे मान्यच आहे. आपला संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर होता, मिशिगनने तोवर अकरापैकी पाच सामने गमावले होते, आणि सट्टेवाल्यांच्या हिशेबाने आपण सुमारे 20 गुणांनी जिंकायला हवे होते. मध्यंतराला 10-10 अशी बरोबरी होती; त्यानंतरच्या संपूर्ण उत्तरार्धात आपल्या संघाला एकही गुण मिळवता आला नाही, आणि शेवटची 45 सेकंदे उरली असताना मिशिगनने 21 यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारून 13-10 असा सामना नेला. मिशिगनकडून सलग चौथ्यांदा हरलो. जॉन कूपर यांच्या प्रशिक्षणाची तेरा वर्षे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे नवे नाही. मिशिगनविरुद्ध त्यांच्या वाट्याला दोन विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी आली. 1996 मध्ये अपराजित संघ घेऊन ते याच मैदानावर 13-9 असे हरले, तेव्हा गावात जो सन्नाटा पसरला होता तो माझ्या आजही लक्षात आहे. पण त्या काळी कोणाचा राग खेळाडूच्या खोलीपर्यंत रात्रीच्या रात्री पोहोचत नसे. आता तो खिशातल्या फोनवरून पोहोचतो, आणि तुझाही पोहोचला आहे.

आपल्या संघातल्या ज्या मुलाच्या खांबांमधून चेंडू मारायच्या दोन किक हुकल्या त्याला तू जे लिहून पाठवलेस, ते तू मला प्रामाणिकपणे कळवलेस, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. ते तू लिहायला नको होतेस. त्या मुलाचे नाव मी या पत्रात मुद्दाम घेत नाही. गेल्या दोन आठवड्यांत ते हवे त्यापेक्षा जास्त घेतले गेले आहे. एक किक 34 यार्डांवरून होती आणि दुसरी 38 यार्डांवरून, ‘इतक्या जवळून तर कोणीही मारेल’ असे तुझे म्हणणे. तिथे नेमके काय घडते ते जरा जवळून बघ. रांगेतला एक गडी वाकून चेंडू दोन पायांमधून मागे फेकतो, गुडघ्यावर बसलेला साथीदार तो झेलून जमिनीवर टोकावर उभा करतो, आणि तोवर किक मारणाऱ्याने आपली पावले टाकायला सुरुवात केलेली असते. चेंडू फेकल्यापासून पाय लागेपर्यंत जेमतेम सव्वा सेकंद जातो. त्याहून फार उशीर झाला तर प्रतिस्पर्ध्याचा उंचावलेला हात चेंडूला लागतो. साठ मिनिटांच्या खेळात हा मुलगा बहुतेक वेळ कडेला थंडीत उभा असतो, आणि त्याला मिळणाऱ्या त्या मोजक्या क्षणांत एक लाखाहून अधिक माणसे एकट्या त्याच्याकडे पाहत असतात. बाकीच्यांच्या चुका गर्दीत मिसळून जातात. आपल्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचे, दोन पास मिशिगनच्या हाती पडले, आपली आक्रमक फळी उत्तरार्धात एकदाही गोलरेषेपार गेली नाही, तरी हारीचे खापर फोडायला सगळ्यांना हाच एकटा सापडतो.

असे पूर्वीही झाले आहे. 2013 मध्ये, याच 30 नोव्हेंबर या तारखेला, अलाबामाचा संघ त्याच राज्यातल्या ऑबर्नकडून 34-28 असा हरला. त्या दिवशी केड फॉस्टर या किकरचे तीन प्रयत्न वाया गेले होते, आणि त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच्या जर्सीचा क्रमांक 43 होता. अमेरिकेचे 43 वे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला स्वतःच्या हाताने छोटीशी चिठ्ठी लिहिली, आयुष्यात असे धक्के बसतात आणि पुढे तू अधिक कणखर होशील असा धीर दिला, आणि खाली ‘आणखी एक 43’ अशी सही केली. मला वाटते, पराभवानंतर खेळाडूला काही लिहायचेच असेल तर ते असे असावे. नाही तर लिहूच नये.

आता तू पाठवलेल्या मजकुराचे काय करायचे, हेही तू विचारले आहेस. तो पुसून टाक. क्षमा मागायची असेल तर दोन ओळींत माग, कारणे सांगू नकोस, आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नकोस. तुझ्या मनावरचा भार उतरवण्याचे काम त्या मुलाकडे सोपवण्याचा तुला अधिकार नाही.

‘आता हे खेळाडू पैसे घेतात, मग बोलणी खायला नकोत का?’ हा तुझा युक्तिवाद मला पटत नाही. 2021 पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते, आणि आपल्या संघातील मुलांची या वर्षीची एकत्रित कमाई सुमारे 2 कोटी डॉलर असल्याचे विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांनीच सांगितले आहे, हे मला ठाऊक आहे. पण पैसे मिळतात ते खेळण्याचे मिळतात. शिव्या आणि धमक्या ऐकण्याचा मोबदला त्यात कुठेही धरलेला नाही. याच संघातल्या हॅरी मिलर या खेळाडूने 2022 मध्ये खेळ सोडताना जाहीरपणे सांगितले, की त्याच्या मनात आत्महत्येचे विचार होते आणि त्याने ते प्रशिक्षक रायन डे यांना सांगितल्यावर त्यांनी त्याला तातडीने डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. शिरस्त्राणाच्या आत काय चालले आहे ते सत्तराव्या रांगेतून दिसत नाही. यातला पैशाचा दुसरा भाग मला अधिक काळजीचा वाटतो. ओहायोत खेळांवर सट्टा लावणे 1 जानेवारी 2023 पासून कायदेशीर झाले, आणि त्याच महिन्यात डेटन विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंना पैसे हरलेल्या लोकांनी इतका त्रास दिला, की पुढे राज्याच्या नियामकांनी महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवर पैज घेण्यास मार्च 2024 पासून बंदी घातली. तू या सामन्यावर पैसे लावले होतेस की नाही ते तुझ्या पत्रात नाही, आणि मी विचारणार नाही. लावले असतील तर पुढच्या सामन्याला लावू नकोस. पैसा गुंतला की हरणारा संघ आपला वाटेनासा होतो आणि आपला देणेकरी वाटू लागतो.

रायन डे यांना हाकला, असे तूही इतरांबरोबर ओरडत होतीस. प्रशिक्षकावर टीका करायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि टीका करण्यासारखे बरेच आहे. मिशिगनच्या बचावाची सर्वांत भक्कम जागा मधली होती, तिथे मेसन ग्रॅहॅम आणि केनेथ ग्रँट यांच्यासारखे आडदांड गडी उभे होते, आणि आपण पुन्हा पुन्हा त्याच भिंतीवर धावत राहिलो, तर जेरेमाया स्मिथसारखा झेलपटू बाजूला उभा राहिला. हे तू मला पत्रात फार नेमकेपणाने लिहिले आहेस, आणि ते वाचून मला तुझे कौतुक वाटले. ही जाणत्या चाहत्याची टीका आहे. चुकलेला डाव दाखवून देणे म्हणजे खेळावर प्रेम करणे होय. पण 66 सामने जिंकून 10 हरलेल्या माणसाच्या घरच्यांना ऐकू जाईल असे ओरडणे हे निराळे आहे. याच सामन्यापूर्वी डे यांनी सांगितले होते, की वडिलांचा मृत्यू आणि अशा एखाद-दुसऱ्या प्रसंगाखेरीज मिशिगनकडून होणाऱ्या हारीइतके वाईट आपल्या कुटुंबावर काही गुदरलेले नाही. त्यांच्या वडिलांनी ते लहान असतानाच आत्महत्या केली होती, आणि म्हणूनच त्यांनी व त्यांच्या पत्नीने इथल्या नेशनवाइड बालरुग्णालयात मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभारला आहे. हा सामना हरल्याचे दुःख त्यांना तुझ्यापेक्षा कमी झाले असेल, असे कृपा करून समजू नकोस.

झेंड्याच्या मारामारीविषयी फार लिहीत नाही. मैदानाच्या मधोमध मिशिगनच्या मुलांनी झेंडा रोवणे हा उद्दामपणा होता. तरी तो रोखण्याची वेळ आधीच्या साठ मिनिटांत होती. पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला, यात कोणाचीच शान राहिली नाही.

ईर्षा कुठवर जाऊ शकते हे तुला ठाऊक असावे, म्हणून अलाबामाचीच आणखी एक हकिकत सांगतो. 2010 मध्ये अलाबामाचा संघ 24-0 असा पुढे असताना ऑबर्नकडून 28-27 असा हरला. ऑबर्न गावातल्या चौकात जुने ओक वृक्ष होते; विजयानंतर तिथे जमून लोक त्यांच्यावर कागदाच्या गुंडाळ्या उधळत. अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांत तणनाशक ओतले आणि रेडिओवर फोन करून स्वतःच ते सांगितले. तो पुढे तुरुंगात गेला. झाडे वाचली नाहीत, 2013 मध्ये ती तोडावी लागली. पण या हकिकतीचा उरलेला भाग लोक क्वचित सांगतात. त्या झाडांसाठी अलाबामाच्याच इतर चाहत्यांनी वर्गणी गोळा केली, आणि एप्रिल 2011 मध्ये अलाबामाच्या टस्कलूसा गावाला टोर्नेडो वादळाने उद्ध्वस्त केले तेव्हा ऑबर्नचे चाहते मदत घेऊन धावून गेले. त्या दोन गावांची चुरस आजही तितकीच तिखट आहे. चुरस कमी कर असे मी तुला सांगत नाही. पुढच्या वर्षी मिशिगनच्या गावी आपण जिंकावे अशी माझीही मनापासून इच्छा आहे.

आता तिकिटाविषयी. 21 तारखेला टेनेसीविरुद्धचा सामना आपल्या मैदानावर आहे. देशाचा विजेता ठरवणारी बारा संघांची प्लेऑफ स्पर्धा यंदा प्रथमच होत आहे, आणि तिचा सामना विद्यापीठाच्या स्वतःच्या मैदानावर होण्याची ही पहिलीच वेळ. टेनेसीचे लोक चढा भाव देत आहेत, तुझ्या खोलीतल्या दोघींनी तिकिटे विकलीसुद्धा, आणि ‘या संघासाठी थंडीत कोण बसणार’ असे म्हणून तूही विकणार आहेस. तुझी पैशाची ओढाताण असेल तर विकण्यात काहीच गैर नाही. शिकणाऱ्या मुलीने भाडे भरावे आणि सामना घरी बसून पाहावा. पण तुझ्या पत्रावरून कारण तसे दिसत नाही. तू संघाला शिक्षा म्हणून तिकीट विकते आहेस.

रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह 1976 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सात विद्यापीठांत दर सोमवारी वर्गात किती मुलांनी आपल्या विद्यापीठाचे नाव-चिन्ह असलेले कपडे घातले आहेत, हे त्यांनी मोजले. संघ शनिवारी जिंकला असेल तर असे कपडे जास्त दिसत. त्या सात विद्यापीठांत आपलेही होते आणि मिशिगनही होते. यात अस्वाभाविक काही नाही. तरीही मी तुला त्याच्या उलट वागायला सांगतो आहे. 2 डिसेंबरच्या सोमवारी तू तो लाल स्वेटर कपाटात ठेवलास असे लिहिलेस. तो बाहेर काढ. जिंकल्याचा आनंद तू जर आपला मानून गावभर मिरवलास, तर हारीतलाही तुझा वाटा तुला उचलावा लागेल, आणि तो वाटा म्हणजे थंडीत तिथे जाऊन बसणे, एवढाच आहे. तू किक मारू शकत नाहीस, डाव ठरवू शकत नाहीस. जागा रिकामी सोडायची नाही, किंवा ती टेनेसीच्या नारिंगी रंगाला विकायची नाही, इतकेच तुझ्या हातात आहे. आणि तो किक मारणारा मुलगा पहिल्यांदा मैदानात येईल तेव्हा बाकीच्यांनी काहीही केले तरी तू टाळ्या वाजव.

सामना संपला की निकाल काहीही असो, खेळाडू बँडसमोर एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे राहतात आणि विद्यापीठाचे गीत म्हणतात. तोवर थांब. हरलो तरी थांब. निम्मे लोक गाड्या काढायच्या घाईत आधीच निघालेले असतात.

सामना रात्री आठला आहे. जाड मोज्यांच्या आत आणखी एक पातळ मोजे घाल, आणि बसायला पुठ्ठा किंवा उशी ने, कारण बाकडी धातूची असतात आणि थंडी खालून चढते. संध्याकाळी पाचपर्यंत आमच्याकडे जेवायला ये. पिठले-भाकरी करण्याचा घरचा बेत आहे, आणि तिथून आपण बरोबरच निघू. तिकीट विकून झाले असेल तर लगेच फोन कर, माझ्याकडे एक जास्तीचे आहे.

तुझा,
काका